जिवंत औषधाचा खर्च

शरीरातली एखादी ऊती दुखावली की तिथे सर्वांत आधी पोचतात त्या रोगप्रतिकारक यंत्रणेच्या पेशी. त्वचा कापली, हाड मोडले, यकृताला इजा झाली, तरी क्रम साधारण तोच. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी आधी धावून जातात आणि जंतूंचा बंदोबस्त करतात. त्यांच्या मागोमाग मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी येतात आणि मेलेल्या पेशी, जंतूंचे अवशेष गिळून जागा साफ करतात. इथपर्यंतची माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे. भक्षक पेशींचे हे काम दाखवून देणारे एली मेचनिकॉफ यांना 1908 साली नोबेल पारितोषिक मिळाले. अलीकडच्या काही दशकांत उमगले ते यापुढचे. साफसफाई उरकली की याच भक्षक पेशी आपली वागणूक बदलतात. त्या दाह शमवणारी द्रव्ये सोडू लागतात, नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात आणि शेजारच्या पेशींनी वाढावे असे संकेत देतात. हा पालट वेळेवर झाला तर जखम भरते. तो अडला तर जखम चिघळत राहते, किंवा मूळच्या ऊतीच्या जागी निबर व्रण उरतो.

मधुमेही माणसाच्या पायाला होणारी न भरणारी जखम हे या अडलेल्या पालटाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. रानात काटा रुततो, पाय बधिर असल्यामुळे कळत नाही, आणि महिन्याभराने बोट काढावे लागते. रेणापूर तालुक्यात काय किंवा मराठवाड्यातल्या दुसऱ्या कोणत्या तालुक्यात काय, ही गोष्ट घरोघरी ऐकलेली असते. त्या जखमेत रक्तपुरवठा कमी असतो, जंतूही असतात. शिवाय तिथल्या भक्षक पेशी लढाईच्या पवित्र्यातच अडकलेल्या असतात आणि बांधकामाच्या कामाला लागतच नाहीत. उलट टोकाचे उदाहरण ॲक्सोलोटल या मेक्सिकोतल्या उभयचर प्राण्याचे. त्याचा तुटलेला पाय पुन्हा जसाच्या तसा उगवतो. 2013 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्याच्या शरीरातल्या भक्षक पेशी काढून टाकून पाहिल्या, तेव्हा पाय उगवणे थांबले आणि तिथे व्रण झाला. अवयव पुन्हा उगवण्याची क्षमता आणि रोगप्रतिकारक यंत्रणा एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे त्या प्रयोगाने दाखवले.

झिजलेली, जळालेली किंवा रोगाने नासलेली ऊती पुन्हा उभी करण्याच्या वैद्यकशाखेला रिजनरेटिव्ह मेडिसिन म्हणतात. मराठीत तिला पुनर्निर्माण वैद्यक म्हणता येईल. तिचा आरंभीचा भर मूलपेशींवर, म्हणजे स्टेम सेलवर होता. योग्य पेशी योग्य जागी सोडल्या की काम झाले, अशी त्या काळातली आशा होती. पण बाहेरून घातलेली पेशी रुग्णाच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला परकी वाटली तर ती टिकत नाही. ती स्वतःचीच असली तरी सतत दाह चालू असलेल्या जागी रुजत नाही. म्हणून आता या शाखेतला प्रश्न दुहेरी झाला आहे: ऊती कशी घडवायची, आणि ती घडत असताना प्रतिकारयंत्रणेला कसे सांभाळायचे. 2025 चे वैद्यकाचे नोबेल मेरी ब्रंकाव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले, ते या दुसऱ्या अर्ध्याशी जोडलेल्या कामासाठी. स्वतःच्याच शरीरावर हल्ला होऊ न देणाऱ्या नियामक टी-पेशींचा शोध साकागुची यांनी 1995 मध्ये लावला होता.

प्रश्न दुहेरी असल्यामुळे तो एका प्रयोगशाळेत सुटत नाही. पेशीशास्त्रज्ञ, प्रतिकारशास्त्रज्ञ, पदार्थविज्ञानाचे अभियंते, शल्यचिकित्सक, संख्याशास्त्रज्ञ आणि औषधनिर्मितीचे कारखानदार एकाच कामावर यावे लागतात. त्यांचे पगार मात्र वेगवेगळ्या खात्यांतून होतात. अशा कामाला पैसा कोण देतो, कोणत्या टप्प्यावर देतो आणि कुठे हात आखडता घेतो, यावर ते औषध रुग्णापर्यंत पोचणार की नाही हे ठरते. हे समजून घ्यायला महाराष्ट्राबाहेर जाण्याची गरज नाही.

भारतातली या शाखेची सर्वांत जुनी यशस्वी पद्धत मुंबईतच रुजली. 1983 साली टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रुग्णाची रोगट मज्जा औषधांनी नष्ट करायची आणि दात्याच्या मूलपेशींतून संपूर्ण रक्तनिर्मिती पुन्हा उभी करायची, हे ऊतीच्या पुनर्निर्माणाचेच काम. त्यात दोन्ही बाजूंनी प्रतिकारयंत्रणेशी सामना असतो. रुग्णाचे शरीर दात्याच्या पेशी नाकारू शकते आणि दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू शकतात. टाटा मेमोरियल 1941 साली सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशातून उभे राहिले आणि 1962 पासून केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे. देणगीतून उभारलेली आणि सरकारी तिजोरीतून चालणारी ही संस्था त्या वेळी हा धोका पत्करू शकली, कारण एका रुग्णावरच्या खर्चाची वसुली हा तिच्यापुढचा पहिला हिशेब नव्हता.

हाडाच्या ऊतीवरचे काम पुण्यात झाले. केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभाग, म्हणजे डीबीटी, 1986 साली स्थापन झाला. त्याच दशकाच्या अखेरीस पुणे विद्यापीठाच्या परिसरात पेशी आणि ऊतींच्या संवर्धनाची एक राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तीच पुढे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस झाली. देशभरच्या प्रयोगशाळांना प्रयोगांसाठी लागणाऱ्या पेशींचे वाण जपून ठेवणे आणि पुरवणे हे तिचे मूळ काम, आणि ते आजही चालू आहे. असे काम कोणत्याही तीन वर्षांच्या प्रकल्पात बसत नाही. ते बंद पडले तर मात्र शेकडो प्रकल्प अडतात.

या संस्थेत डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने हाड आणि प्रतिकारयंत्रणा यांच्या नात्यावर दीर्घकाळ काम केले. हाड सतत झिजवले आणि बांधले जात असते. झिजवणाऱ्या पेशी ऑस्टिओक्लास्ट, बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट. यातल्या झिजवणाऱ्या पेशी भक्षक पेशींच्याच कुळातल्या, म्हणजे जन्माने प्रतिकारयंत्रणेच्या नातेवाईक. संधिवातात सांध्यातला दाह या पेशींना फूस देतो आणि हाड पोखरले जाते. टी-पेशी सोडत असलेले इंटरल्यूकिन-3 हे प्रथिन या पूर्वज पेशींना झिजवण्याच्या मार्गावरून वळवून पुन्हा भक्षक पेशी बनवते, हे वाणी यांच्या गटाने 2003 मध्ये प्रसिद्ध केले. 2011 मध्ये त्याच प्रथिनामुळे संधिवात झालेल्या उंदरांत नियामक टी-पेशी वाढतात आणि सांधे कमी बिघडतात, असे त्यांनी दाखवले. पुढच्या वर्षी माणसाच्या मज्जेतल्या मूलपेशींपासून हाड बांधणाऱ्या पेशी तयार होण्यास तेच प्रथिन मदत करते, हेही त्यांनी प्रसिद्ध केले. एकच प्रथिन झीज रोखते, दाह शमवते आणि बांधकामाला हातभार लावते. प्रतिकारयंत्रणा आणि ऊती यांचा धागा एकच आहे हे इतक्या नेमकेपणाने दाखवणारे काम पुण्यात, सार्वजनिक पैशातून झाले, याची दखल मराठी वाचकापर्यंत फारशी पोचलेली नाही.

या कामाचे वेळापत्रकही पाहण्याजोगे आहे. 2003 ते 2012 ही नऊ वर्षे उंदरांच्या आणि काचपात्रातल्या पेशींच्या टप्प्यात गेली. हा वेळ वाया गेला असे मानण्याचे कारण नाही, मूलभूत विज्ञानाला इतका वेळ लागतोच. पण सरकारी अनुदान साधारण तीन वर्षांच्या प्रकल्पावर मिळते. त्यातून संशोधक विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती, रसायने आणि काही उपकरणे भागतात. 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिन्याला 37,000 रुपये आहे. एका विषयाचा धागा न तुटू देता तो दहा वर्षे चालवायचा तर तीन-चार अनुदाने लागोपाठ मिळावी लागतात. मध्ये वर्षभराचा खंड पडला की शिकून तयार झालेला विद्यार्थी निघून जातो आणि त्याच्याबरोबर त्याच्या हातातले कसबही जाते.

प्रयोगशाळेपासून रुग्णाच्या खाटेपर्यंतची पूर्ण वाट चालून गेलेले महाराष्ट्रातले उदाहरण म्हणजे नेक्सकार19. ही रक्ताच्या कर्करोगावरची कार-टी प्रकारची उपचारपद्धती आहे. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात. निष्प्रभ केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवा जनुक सोडतात. या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक उगवतो, आणि तो सीडी19 हे चिन्ह असलेल्या कर्करोगी पेशी ओळखतो. बदललेल्या पेशी वाढवून, तपासून, गोठवून रुग्णालयात आणतात. रुग्णाला आधी केमोथेरपीचा एक छोटा टप्पा देतात आणि मग त्याच्याच पेशी त्याला परत देतात. त्या शरीरात वाढतात, कर्करोगी पेशी शोधून मारतात आणि काही काळ शरीरात राहतात. औषध जिवंत असणे म्हणजे हेच. अमेरिकेने 2016 च्या कायद्यानुसार अशा पेशी-उपचारांना पुनर्निर्माण वैद्यकातल्या प्रगत उपचारांच्या वर्गात धरले आहे. तिथे या प्रकारचे पहिले औषध ऑगस्ट 2017 मध्ये मंजूर झाले, तेव्हा त्याची किंमत 4,75,000 डॉलर होती.

मुंबई आयआयटीतले डॉ. राहुल पुरवार हार्वर्डमधले संशोधन आटोपून 2013 मध्ये भारतात परतले. टाटा मेमोरियलमधले बालकर्करोगतज्ज्ञ डॉ. गौरव नरूला आणि प्रौढांच्या रक्तकर्करोगाचे तज्ज्ञ डॉ. हसमुख जैन यांच्याबरोबर त्यांनी हे काम पुढे नेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या शास्त्रज्ञांचे मार्गदर्शनही मिळाले. परदेशी औषधात कर्करोगी पेशी ओळखणारा तुकडा उंदराच्या प्रतिपिंडातून घेतलेला होता. मुंबईच्या गटाने तो मानवी प्रतिपिंडासारखा करून घेतला. 2018 मध्ये आयआयटीच्याच उद्योगसंवर्धन केंद्रातून इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. 4 जून 2021 रोजी टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्रात देशातली पहिली कार-टी पेशी रुग्णाला देण्यात आली. ऑक्टोबर 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी मंजुरी दिली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते या उपचाराचे मुंबई आयआयटीत लोकार्पण झाले. चाचण्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये लॅन्सेट हिमॅटॉलॉजी या नियतकालिकात आले. 64 रुग्ण नोंदले गेले होते, आणि ज्यांच्यातला परिणाम मोजता आला त्यांतल्या सुमारे 73 टक्क्यांना उपचार लागू पडला. या सगळ्या रुग्णांवर इतर औषधे वापरून झाली होती. काहींचा आजार पुढे उलटला आणि काहींना गंभीर दुष्परिणाम झाले, हेही त्याच अहवालात आहे.

आता पैशाची वाट. पहिली काही वर्षे हे काम प्राध्यापकाचा सरकारी पगार, विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या आणि लहानमोठी प्रकल्प-अनुदाने यांवर चालले. खरी अडचण आली ती माणसांवरच्या चाचणीच्या उंबरठ्यावर. उंदरांवरच्या प्रयोगाला लागणारा विषाणू विद्यार्थी प्रयोगशाळेत बनवू शकतो. माणसाला द्यायच्या पेशींसाठी तोच विषाणू औषधाच्या दर्जाचा, निर्जंतुक आणि प्रत्येक टप्प्यावर नोंद ठेवून बनवावा लागतो. त्यासाठी हवा सतत गाळली जाणारी स्वच्छ दालने लागतात आणि ती काम नसले तरी चालू ठेवावी लागतात. प्रत्येक रुग्णाची मात्रा हा स्वतंत्र घाणा असतो. एरवी एका तपासणीत लाखभर गोळ्यांचा दर्जा ठरतो. इथे प्रत्येक माणसामागे जंतू, विषारी द्रव्ये, जनुकाच्या प्रतींची संख्या, जिवंत पेशींचे प्रमाण या सगळ्या तपासण्या नव्याने कराव्या लागतात. शिवाय अतिदक्षता विभागातली खाट राखून ठेवायची, विमा उतरवायचा, दुष्परिणाम आवरणारी महागडी औषधे हाताशी ठेवायची. विद्यापीठाच्या अनुदानात यातले काहीच बसत नाही. खासगी गुंतवणूकदार इतक्या आधी पैसे लावत नाही, कारण औषध चालेल याचा पुरावाच नसतो.

ही दरी बुजवली ती सार्वजनिक पैशाने. केंद्र सरकारने 2017 मध्ये राष्ट्रीय बायोफार्मा मिशन मंजूर केले. खर्च सुमारे 1,500 कोटी रुपये, त्यातला निम्मा वाटा जागतिक बँकेच्या कर्जाचा. ते राबवण्याचे काम डीबीटीच्या बायरॅक या कंपनीकडे होते. त्यातून टाटा मेमोरियल आणि आयआयटी यांच्या गटाला पहिल्या मानवी चाचणीसाठी 19.15 कोटी रुपये मिळाले. ही रक्कम एका संस्थेला नव्हे, दोन संस्थांच्या जोडीला मिळाली, ही यातली मोलाची बाब. पेशी बनवणारा आणि पेशी देणारा एकाच कागदावर आले. त्यामुळे एकाचे काम अडले तर दुसऱ्याचाही हप्ता अडेल, अशी परस्परांवरची जबाबदारी आपोआप ठरली. चाचणी सुरू झाल्यानंतर 2021 च्या अखेरीस हैदराबादच्या लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने सुमारे 46 कोटी रुपये गुंतवून इम्युनोॲक्टमध्ये 26.62 टक्के हिस्सा घेतला. म्हणजे धोका सर्वाधिक होता तेव्हा सरकारी पैसा आला, आणि धोका ओसरू लागल्यावर खासगी भांडवल आले. जगभर हे असेच घडते आणि त्यात गैर काही नाही. मात्र सुरुवातीचा धोका जनतेने उचलला असेल तर किंमत ठरवताना जनतेचा शब्द असावा, ही अपेक्षा रास्तच म्हणायला हवी. नेक्सकार19 ची किंमत पाश्चात्य औषधाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी, 40 लाख रुपयांच्या आसपास आहे. देशातच बनवलेला विषाणू, देशातली मजुरी आणि सार्वजनिक संशोधन या तिन्हींमुळे ती इतकी खाली आली.

संयुक्त संशोधनाला पैसा देण्याची कला इतर देशांनी आधी शिकून घेतली आहे. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 2004 मध्ये थेट मतदानाने मूलपेशी संशोधनासाठी 300 कोटी डॉलरचे रोखे काढायला संमती दिली आणि 2020 मध्ये आणखी 550 कोटी डॉलरना. त्यातून उभ्या राहिलेल्या राज्य संस्थेने मूलभूत प्रयोग, कारखान्याच्या दर्जाची निर्मिती, चाचण्या आणि चाचणी घेणाऱ्या रुग्णालयांचे जाळे अशा प्रत्येक टप्प्यासाठी वेगळी अनुदाने ठेवली. आरंभीच्या प्रचारात दिलेली आश्वासने फार मोठी होती आणि उपचार हाती यायला वेळ लागला, यावरून तिच्यावर पुष्कळ टीकाही झाली. ब्रिटनने 2013 मध्ये तीन संशोधन परिषदांचा पैसा एकत्र करून अडीच कोटी पौंडांचा पुनर्निर्माण वैद्यकाचा मंच काढला. त्यातले अनुदान अनेक विद्यापीठांच्या गटांना मिळून होते. भारतात या धर्तीवर 2008 पासून डीबीटी आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स काम करते आणि ती डॉक्टर-संशोधकांनाही वेगळी पाठ्यवृत्ती देते. ही तरतूद दिसते त्याहून मोलाची आहे. सार्वजनिक रुग्णालयातला डॉक्टर दिवसाला शंभर रुग्ण तपासून उरलेल्या वेळात संशोधन करतो. त्याचा वेळ मोकळा करायला पैसे दिले नाहीत तर संयुक्त संशोधन कागदावरच संयुक्त राहते.

देशाचा एकंदर संशोधनखर्च 2020-21 मध्ये सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता. दक्षिण कोरिया साडेचार टक्क्यांहून अधिक खर्च करतो. 2023 च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले आणि त्याच्यासाठी 2023 ते 2028 या पाच वर्षांत 50,000 कोटी रुपयांचे उद्दिष्ट ठेवले गेले. त्यातला बहुतांश पैसा उद्योग, देणगीदार अशा बिगरसरकारी स्रोतांतून यायचा आहे. उद्योगांचा पैसा सहसा औषध तयार होत आल्यावर येतो. इंटरल्यूकिन-3 सारख्या नऊ-दहा वर्षे उंदरांतच राहणाऱ्या विषयाकडे तो वळेल असे मानणे धाडसाचे ठरेल. तो भार सरकारी तिजोरीनेच उचलायला हवा. खरेदीचे नियमही संशोधनाच्या चालीशी जुळत नव्हते. सरकारी ई-बाजारातूनच खरेदी करण्याच्या सक्तीमुळे नेमके रसायन मिळत नाही, ही शास्त्रज्ञांची जुनी तक्रार होती. जून 2025 मध्ये अर्थ मंत्रालयाने संशोधन संस्थांच्या प्रमुखांना या बाजाराबाहेरून खरेदीची मुभा दिली. पेशी जिवंत असतात आणि त्यांना खाद्य ठरल्या दिवशी लागते. निविदेला लागणारे दोन महिने त्या थांबत नाहीत.

पैशाचा आणखी एक प्रवाह आहे आणि तो संशोधनाला घातक आहे. गुडघेदुखी, पक्षाघात, स्वमग्नता, मधुमेह, काहीही असो, स्टेम सेलच्या इंजेक्शनने बरे करतो अशा जाहिराती शहरांतून होतात. जमीन विकून तिथे गेलेली कुटुंबे मराठवाड्यातही आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि डीबीटी यांच्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या आजारांसाठीचे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण एवढाच मूलपेशींचा मान्य उपचार होता. बाकी सर्व वापर मंजूर चाचणीतच व्हायला हवा, अशा उपचारांची जाहिरात करता येत नाही. त्याशिवाय रुग्णाच्याच पेशी वाढवून बनवलेली काही मोजकी उत्पादने चाचण्यांनंतर औषध नियंत्रकांनी मंजूर केली आहेत. मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेसची कूर्चा आणि हाडासाठीची उत्पादने 2017 मध्ये अशी मंजूर झाली. सामान्य माणसाला भेद ओळखायचा एक साधा मार्ग आहे. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत, त्याच्याकडून लेखी संमती घेतली जाते आणि चाचणीची नोंद भारताच्या चिकित्सा चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयवर, कोणालाही पाहता येते. जिथे प्रायोगिक उपचारासाठी आधी लाखो रुपये भरायला सांगतात आणि नोंदणी क्रमांक देत नाहीत, तिथे संशोधन चालू नसते. अशा ठिकाणी गेलेला पैसा संशोधनात येत नाहीच, शिवाय खऱ्या चाचणीवरचा लोकांचा विश्वासही घेऊन जातो.

रेणापूरहून पाहिले तर या सगळ्यात अंतराचा प्रश्न मोठा आहे. लातूर अर्ध्या तासावर आहे. तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये सुरू केलेले विवेकानंद रुग्णालयही आहे. समाजाच्या देणग्यांवर वाढलेल्या या रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. रक्ताचा कर्करोग ओळखणे आणि केमोथेरपी सुरू करणे इथवरचे काम जवळपास होऊ शकते. पेशी काढणे, परत देणे आणि त्यानंतरचे धोक्याचे आठवडे सांभाळणे यासाठी मात्र मुंबई, पुणे किंवा हैदराबाद गाठावे लागते. मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास. पेशी बनून येईपर्यंतचे काही आठवडे आणि नंतरचा महिनाभर रुग्णाला रुग्णालयाजवळच राहावे लागते, बरोबर घरचे एक माणूस लागते आणि दोघांची मजुरी बुडते. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची सर्वसाधारण मर्यादा कुटुंबामागे वर्षाला 5 लाख रुपये आहे. 40 लाखांच्या उपचारापुढे ती अपुरी पडते. परिणामी चाचण्यांत आणि उपचारांत शहरांजवळचे, थोडाफार आधार असलेले रुग्ण अधिक येतात आणि औषधाबद्दलचे ज्ञानही त्यांच्याच शरीरांवरून तयार होते. कुपोषण, क्षयरोगाचा पूर्वइतिहास, उशिरा झालेले निदान या गोष्टी प्रतिकारयंत्रणेवर परिणाम करतात. त्या जिथे अधिक आहेत तिथले रुग्ण अभ्यासाबाहेर राहिले तर मिळालेली माहिती अपुरी राहते. म्हणून चाचणीच्या अनुदानात प्रवासखर्च, निवास आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई धरणे हा औदार्याचा नव्हे, विज्ञानाच्या अचूकतेचा भाग आहे.

जिल्ह्याच्या रुग्णालयांचा वाटा उपचार संपल्यावरही उरतो. कार-टी पेशी कर्करोगी पेशींबरोबर रुग्णाच्या निरोगी बी-पेशीही मारतात. त्यामुळे प्रतिपिंडे कमी होतात आणि साध्या जंतुसंसर्गाचा धोका महिनोन्महिने राहतो. असा रुग्ण ताप आला म्हणून आधी गावच्या किंवा तालुक्याच्या दवाखान्यातच जाणार. त्या डॉक्टरला या उपचाराची माहिती आणि मुंबईच्या गटाचा दूरध्वनी क्रमांक हाताशी असणे जिवाचा प्रश्न ठरू शकते. पेशीत कायमचा जनुक घातलेला असल्यामुळे अशा रुग्णांवर 15 वर्षे लक्ष ठेवावे, अशी अमेरिकी औषध प्रशासनाची शिफारस आहे. 2021 मध्ये खारघरला पहिली मात्रा घेतलेल्या रुग्णाचा असा पाठपुरावा 2036 पर्यंत चालेल. तीन वर्षांच्या अनुदानात तो मावत नाही, आणि औषध मंजूर झाल्यावर त्याची जबाबदारी कंपनी, रुग्णालय आणि सरकार यांच्यात कशी वाटायची हे चाचणीच्या पहिल्या करारातच लिहावे लागते. रक्ताची वर्षातून एक-दोनदा होणारी तपासणी लातूरच्या शासकीय महाविद्यालयात होऊ शकते. तिचे अहवाल मुंबईच्या नोंदवहीत जाण्यासाठी एक प्रशिक्षित परिचारिका, एक संगणक आणि नमुने थंड ठेवून पाठवण्याची सोय लागते. 19 कोटींच्या चाचणीपुढे हा खर्च अगदी किरकोळ आहे, पण तो अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली, नाव घालून मांडावा लागतो.